आफ्रिकन औक्षण

मी मूळची पुण्याची. म्हणजे अगदी पुण्याची नाही हो, दापोडीची. इथे इंग्लंडमधल्या मराठी मंडळात दापोडी म्हटलं की पेठेतली माणसं अच्छा अच्छा करतात आणि पुढे काही विचारत नाहीत, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. वडील खडकीला सरकारी कारखान्यात टर्नर होते आणि आई घरी डबे करायची, कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे, सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसेक डबे, त्यामुळे आमच्या घरात स्टोव्ह कधी थंड झाला नाही. तीन भाऊ आणि त्यांच्या पाठची मी एकटी, नाव विजया. भाऊबीजेला समोर तीन पाट मांडलेले आणि ओवाळणारी मी एक, वाकून वाकून कंबर दुखायची. सांगायचं काय, ओवाळणं माझ्या हातात बसलेलं, डोळे मिटून करीन. तेच पुढे नडलं.

लग्न करून इथे आले त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली. मुलगा लंडनजवळ असतो असं स्थळ आलं होतं. सासरे फार आधी आलेले, लूटनला गाड्यांच्या फॅक्टरीत, आणि हे मिल्टन कीन्सला वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. एअरपोर्टवरून निघालो तर गाडी नुसती गोल गोल फिरतेय, एक राउंडअबाउट संपला की दुसरा, मला वाटलं या माणसाला स्वतःचं घर सापडत नाहीये आणि लाजेने बोलत नाहीये. मग नेहा झाली, मग मी शाळेच्या किचनमध्ये लागले, डिनर लेडी म्हणतात इथे, बारा वर्षं मी पोरांच्या ताटात बेक्ड बीन्स वाढले. नेहा आता लीड्सला हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. यांचे गुडघे गेले, नोकरी सुटली, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी चौथ्या खेपेला मी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले, कारण इथे गाडी नसली तर माणूस घरात बसून लोणच्यासारखा मुरतो.

गाडी आली म्हणून ही नोकरी आली. कॅम्पचं नाव नाही सांगत, तुम्ही लिहून घेताय आणि मी अजून तिथेच आहे. आमच्यापासून पाऊण तास, सगळी शेतं, आणि मधे एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाची जमीन. रॉजर त्याचं नाव, लहानपण केनियात गेलेलं, ते काही त्याच्या मनातून जाईना, म्हणून त्याने झेब्रे आणले, शहामृग आणले, लांब शिंगांच्या गाई आणल्या, दोन जिराफ आणले आणि मोठे मोठे कापडी तंबू ठोकले, की लोकांनी इथेच यावं आणि आफ्रिकेत गेल्यासारखं राहावं. पहिल्या दिवशी मी गेटमधून गाडी आत घातली, वायपर चालू, तो इथला चिकट पाऊस, आणि समोर रस्त्यात झेब्रा. ओलाकच्च. मी ब्रेक मारला, आणि काय सांगू तुम्हाला, दोन मिनिटं मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, बाबा रे, तूही इथला नाहीस आणि मीही नाही, आता हो बाजूला, माझं ट्रेनिंग आहे नऊला.

काम हाउसकीपिंगचं. तंबूत पलंग, लाकडाची शेगडी, मेंढीच्या कातड्याचे गालिचे, सगळा थाट, पण संडास मात्र भुशाचा. कंपोस्ट टॉयलेट म्हणतात. म्हणजे पाणी नाही, बसायचं आणि वरून भुसा टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली काढणार कोण तर मी. पहिल्या आठवड्यात मला खरंच धक्का बसला होता, आमच्याकडे लोकांनी धड संडासात जावं म्हणून सरकार घसा फोडतंय आणि इथे शिकलेली माणसं सुट्टी काढून येतात आणि भुसा टाकतात. पण केलं. हात धुतले आणि केलं. यांना सांगितलं नाही बादलीचं, सहा महिने नाही सांगितलं.

पाहुण्यांना दिवसभर गुंतवायचं काम केलीचं. केली म्हणजे आमची मॅनेजर, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, गोड पोरगी, पण नेहमी धावत. सकाळी ट्रकमधून प्राणी दाखवायचे, मग जिराफाला फांदी भरवायची, मग मण्यांच्या माळा करायच्या, संध्याकाळी शेकोटीपाशी ढोल शिकायचा आणि त्याच्या आधी व्हिलेज वेलकम. हे सगळं बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. ढोल शिकवणारा आणि वेलकम करणारा एकच माणूस होता, बर्मिंगहॅमहून यायचा, आणि ईस्टरच्या शनिवारी त्याची गाडी मोटरवेवर बंद पडली. अकरा पाहुणे मोठ्या तंबूत ओले होऊन बसलेले, पोरं किरकिरतायत, केली रडायच्या बेतात. मी चादरी घेऊन चाललेली. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, विजया, प्लीज, तुमच्याकडे काहीतरी असेल ना, पाहुणे आले की करायचं, ट्रॅडिशनल काहीतरी.

आता योगायोग बघा, त्या दिवशी संध्याकाळी आमच्या मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं आणि माझ्या गाडीच्या डिकीत तबक तयार, निरांजन, हळदीकुंकू, अक्षता, सुपारी, सगळं. मी म्हटलं, आहे. आणि ओवाळलं की अकराच्या अकरा जणांना. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि माझी अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. किरकिरणारी पोरंसुद्धा पुढे सरकून बघायला लागली हो. एक दांडगा माणूस, हातभर गोंदवलेलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला माझ्यासाठी असं कधी कुणी काही केलं नाही. मला पण भरून आलं.

पुढच्या शनिवारी फळ्यावर लिहिलेलं, ट्रॅडिशनल व्हिलेज ब्लेसिंग विथ विजया. कुठलं व्हिलेज ते नव्हतं लिहिलेलं. मी म्हटलं केली, हे इंडियन आहे. ती म्हणाली हो हो, आय नो, पण आपण लोकांना कन्फ्यूज नको करूया, इतकी छान गोष्ट चाललेली असते ती तुटते. आणि म्हणाली तुला मी हाउसकीपिंगमधून काढून गेस्ट ॲक्टिव्हिटीजमध्ये घेतेय. झालं. बादली सुटली माझी. त्याच्यापुढे मला व्हिलेज कुठलं हे आठवलंच नाही.

मग एकेक गोष्ट वाढत गेली. कापडी तंबूत उघडी ज्योत चालत नाही, हेल्थ अँड सेफ्टी, म्हणून निरांजनात बॅटरीचा दिवा आला, लुकलुकणारा. मग साडीऐवजी आफ्रिकेतलं छापील कापड आलं, कांगा म्हणतात, ते मी खांद्यावरून घ्यायचं. मग गळ्यात मणी. लोक विचारायचे तू आफ्रिकेत कुठली, तर आधी मी नुसती हसायची. मग म्हणायला लागले, फार लांबचं गाव आहे. खोटं नव्हतं ना ते, दापोडी लांबच आहे. पण मग बोलायला लागलं की तोंड सुटतं. एका शनिवारी एका गोऱ्या आजीबाईंना मी सांगून बसले, की आमच्या गावात पुरुष सिंहाच्या शिकारीला निघाले की बायका त्यांना असं ओवाळतात. दापोडीत सिंह! घरी येताना राउंडअबाउटवर माझं मलाच हसू आवरेना, एक एक्झिट चुकले. पण खरं सांगते, मजा आली मला. उगाच साळसूदपणा कशाला करू. तीन सीझन मी हे केलं आणि छान केलं, आणि ह्यांनी मंडळात सगळ्यांना सांगितलं की आमच्या मिसेस आता गेस्ट एक्स्पिरियन्स होस्ट आहेत.

नेहाला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. तिचं मराठी असं आहे की ऐकणाऱ्याने लिंग स्वतः लावून घ्यायचं. आई, हा खूप राँग आहे, म्हणाली, तू दुसऱ्या लोकांचा कल्चर फेक करतेस. मी म्हटलं, दुसऱ्यांचं कुठे, माझंच आहे सगळं, माझं तबक, माझं कुंकू, स्वतःच्या घरात कुणी चोरी करतं का. ती म्हणाली तू चोरी नाही करत, तू त्यांच्या नावावर खोटा टाकते. मला राग आला, म्हटलं तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला बादली कुठे काढावी लागते. फोन ठेवून दिला मी.

आणि मग गेल्या ऑगस्टमधला तो शनिवार. मी तबक घेऊन उभी आहे, मागून केली येते आणि कानात सांगते, आज खरी आफ्रिकन फॅमिली आलीय, नैरोबीची, किती छान ना, त्यांना पुढे बसवलंय. तिच्या मनात काही नव्हतं हो. तिला खरंच छान वाटत होतं. पुढच्या खुर्चीवर ग्रेस, ती इथे नर्स आहे, आणि तिच्या शेजारी तिची आई, व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे आलेली, पंच्याहत्तरी गाठलेली, वांबुई नाव. नातवंडं शोशो म्हणतात, म्हणजे आजी. निळा स्वेटर, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स, आणि माझ्या खांद्यावरच्या कांग्याकडे अशी बघतेय, अशी बघतेय, की मला वाटलं तिथल्या तिथे गाडीत जाऊन बसावं.

सिंहाचं काही मी त्या दिवशी बोलले नाही. म्हटलं पटापट उरकावं. तिच्यापुढे गेले, करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं आणि कपाळाला लावायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं. आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आ तो चांदलो छे. तमे इंडियन छो.

गुजराती! मी तुम्हाला सांगते, त्या झेब्र्याने माझ्याशी गुजरातीत बोलायला सुरुवात केली असती तरी मी इतकी दचकले नसते. आमच्या शेजारी गुजराती, वेम्बलीच्या गुजराती बाजारात मी महिन्याला भाजी आणायला जाते, मला कळते ती भाषा. हा तर चांदलो आहे, म्हणजे कुंकवाचा टिळा, तुम्ही इंडियन आहात. वाटलं संपलं, आता ही लेकीला सांगणार, लेक केलीला सांगणार, सगळ्या तंबूसमोर माझा पंचनामा होणार. मी फक्त मान हलवली, इतकीशी.

आणि मागून टाळ्या. अहो, टाळ्या! त्या सगळ्या लोकांना वाटलं की दोन आफ्रिकन बायका आपापल्या भाषेत बोलल्या. केली छातीवर हात ठेवून म्हणाली, ओह, त्यांची भाषा एकच आहे. एकाने फोटो काढला. मला असं झालं की हसू का रडू का पळू. म्हातारीने वळून त्या लोकांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, माझं मनगट सोडलं आणि कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. घाईत ते भुवईपर्यंत आलं.

चहा घेऊन मीच गेले त्यांच्या तंबूत, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. म्हटलं पाया पडावं, माफी मागावी, कॅम्पमध्ये सांगू नका म्हणावं. ग्रेस जिराफ बघायला गेलेली. म्हातारी पलंगावर बसली होती, कुंकू तसंच कपाळावर. मला बस म्हणाली. अर्धं इंग्रजीत, अर्धं गुजरातीत बोलत होती, तिचं गुजराती स्वयंपाकघरातलं, सगळे शब्द भांड्यांचे आणि कामाचे. म्हणाली मी नैरोबीत एका इंडियन घरात तीस वर्षं काम केलं. चांगलं घर होतं, मारहाण नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यांच्याकडे असंच चांदीचं तबक होतं. वाढदिवस असला, मुलगा परीक्षेला निघाला, भावाचा सण आला, की आदल्या दिवशी ते मी लिंबाने घासायची. कापसाच्या वाती मी वळायची. तूप मी कढवायची. मग सगळे बाहेरच्या खोलीत, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, मी आणि त्या घरातली विधवा सासू. तिलाही पुढे येऊ द्यायचे नाहीत. आम्ही दोघी बघायचो. मुलांना ओवाळायचे, सुनांना ओवाळायचे, जावयाला ओवाळायचे, नवीन मोटर आली तर मोटरला ओवाळायचे. तीस वर्षांत माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नाही.

मोटरला ओवाळायचे, हे म्हणताना ती हसली. मला नाही हसता आलं. मी सॉरी सॉरी एवढंच म्हणत राहिले, आणि तिने हात वर करून थांबवलं मला. म्हणाली, आज पहिल्यांदा मला कुणी लावलं, तर ते माझं, आफ्रिकेचं आहे असं सांगून लावलं. माझं मला नको, माझं मला ठाऊक आहे. मला तुमचं हवं होतं. उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांग की हे तुझं आहे, आणि मग लाव मला.

बस्स, एवढंच म्हणाली. धमकी नाही, काही नाही. नाही केलंस तर केलीला सांगीन असं अक्षरही नाही. ते असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

घरी येऊन यांना सांगितलं, जेवताजेवता. हे म्हणाले, वेडी आहेस का, उद्या दुपारी ती जाणार, पुन्हा तोंड दिसणार नाही, गप बस, दुसरा कुठला जॉब मिळणार आहे आता आपल्याला. बरोबरच होतं त्यांचं. मी पण तेच ठरवलं होतं मनात. म्हटलं उद्या सुट्टी टाकते, अंग दुखतंय म्हणून फोन करते. सकाळी फोन हातातही घेतला होता. पण डोळ्यांसमोर ती दारात उभी राहिलेली दिसायची, ती आणि ती सासू, आणि मोटरला लावलेलं कुंकू. कांगा घरीच ठेवला आणि साडी नेसले. हे दारापर्यंत आले, नुसतं जपून चालव म्हणाले.

रविवारी सकाळी फेअरवेल ब्रेकफास्ट असतो, बाहेर, शेकोटीच्या खड्ड्यापाशी. पंधरा-सोळा माणसं होती. मी साडीत उभी राहिले, केली माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, माझं नाव विजया, मी आफ्रिकेतली नाही, मी आफ्रिकेत कधी गेलेली पण नाही. मी इंडियातली, महाराष्ट्रातली, दापोडीची, आणि काल मी जे केलं ते आमचं औक्षण आहे, तीन वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं, मला माफ करा. एका दमात म्हटलं सगळं.

आणि काय झालं असेल सांगा. काहीच नाही! खरा धक्का मला तेव्हा बसला. एक बाई म्हणाली, ओ लव्हली, आम्ही दोन वर्षांपूर्वी इंडिया केलं. एकाने विचारलं ओट मिल्क कुठे आहे. एक माणूस म्हणाला तरीच, मला वाटलंच होतं, आणि सॉसेज खायला लागला. म्हणजे तीन वर्षं मी कांगे गुंडाळले, सिंह मारले, जिवाला घोर लावून घेतला, लेकीशी भांडले, आणि या लोकांना काल आफ्रिका होती तरी चालत होतं आणि आज इंडिया झाली तरी चालत होतं. मी अशी सुन्न उभी. केलीची मान मात्र लालभडक झाली होती, तिने तोंड फिरवलं.

म्हातारी उठून माझ्यापाशी आली. तबकात बघितलं, बॅटरीचा दिवा उचलला, उलटा करून खालचं बटण बंद केलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, असलं नको. मी म्हटलं वात नाहीये माझ्याकडे. तर तिने ग्रेसकडे हात केला, ग्रेसने पर्समधून मेकअप पुसायचा कापूस काढून दिला, आणि त्या बाईने तळहातावर, बघता बघता, फुलवात वळली. खाली गोल बूड आणि वर टोक, अशी सुबक, की आमच्या आईलाही जमली नसती. टोस्टच्या प्लेटमधलं बटर बोटाने घेतलं, वातीला चोळलं, निरांजनात बसवलं. एका इंग्रज माणसाने लायटर दिला. उघड्यावर होतो, म्हणून ज्योत चालत होती.

मग मी ओवाळलं तिला. कुंकू नीट मधोमध लावलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, तीनदा ज्योत ओवाळली. ती ताठ उभी होती, डोळे उघडे, एकेक गोष्ट मी बरोबर करतेय ना हे बघत होती. मग तिने तबक माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला ओवाळलं. एक चूक नाही हो. अंगठी आधी का सुपारी आधी, कुठल्या हाताने, कुठल्या बाजूने, काही काही चुकलं नाही. तीस वर्षं दारातून बघून शिकलेली. अक्षता टाकताना मात्र तिचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला, आणि मी रडले. सोळा माणसांसमोर रडले. लोक मग टाळ्या वाजवायला लागले, तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की वाजवणारे थांबले.

जाताना गाडीपाशी तिने मला विचारलं, तुझ्या आईच्या घरी तबक कोण घासायचं?

मी तोंड उघडलं आणि नाव आलं, हिराबाई. इतक्या वर्षांत मी ते नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे डब्यांची भांडी घासायला यायच्या, दोन्ही वेळा, मागच्या मोरीत. भाऊबीजेच्या सकाळी चिंचेने तबक घासून मागच्या पायरीवर ठेवायच्या आणि विजू, ने ग आत म्हणायच्या, आणि मी त्यांच्यासमोरून उचलून आत न्यायची. फराळाचा पुडा त्यांना पायरीवरच मिळायचा. वांबुईने पुढचं विचारलं नाही. तिला कळलं असणार, माझं तोंडच सांगत होतं. माझा गाल थोपटला आणि गाडीत बसली.

आता मी परत हाउसकीपिंगला आहे. केलीने दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, मला आधी सांगायला हवं होतंस म्हणाली, आणि तिचंही बरोबर आहे, आणि रडली पण बिचारी. फळ्यावर आता नुसतं वेलकम ड्रिंक लिहितात. बादली पुन्हा माझ्याकडे आली, त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही, वाटतं, सकाळी थंडीत तर फारच वाटतं. नेहा म्हणाली, आई, मी प्राउड आहे, आणि या वेळी तिच्या वाक्यात चूक शोधायला मला जागा नव्हती. ह्यांनी मंडळात अजून सांगितलेलं नाही, पण विचारलं तर खोटंही बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात मी दादाला फोन केला, सगळ्यात मोठा भाऊ, आता वाकडला फ्लॅट आहे त्याचा. म्हटलं दादा, हिराबाई कुठे असतात रे, आहेत का, त्यांची मुलं कुठे असतात, आडनाव काय होतं त्यांचं. त्याला मी वर्षानुवर्षं त्याच तबकाने ओवाळलंय बघा. तो हं हं करत होता, मला वाटलं आठवतोय.

मग म्हणाला, कोण हिराबाई?

मी शोधतेय अजून. पुढच्या वर्षी दापोडीला जाईन तेव्हा आमच्या घरामागच्या वस्तीत, जिथून त्या यायच्या, तिथे विचारीन, कुणी ना कुणी असेल. असल्या तर खूप म्हाताऱ्या असतील. आणि नसल्या तर जिथे असतील तिथे सुखात असोत. तुम्ही मात्र नाव लिहा त्यांचं, माझं नाही लिहिलंत तरी चालेल.